मराठवाड्यातून रोलर कोस्टरचा सीझन कसा आखायचा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडं पाळणा म्हटलं की जत्रा. नवरात्रातला कर्णपुरा, माळेगावची खंडोबाची यात्रा, लातूरची सिद्धेश्वर यात्रा, तिथला आकाशपाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ आणि लेकरांची ती ड्रॅगन गाडी, सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते, माझीपण तिथूनच झाली. पण जो कोस्टर माणसाला पूर्ण उलटा करतो, ज्याच्यावरून उतरल्यावर पाच मिनिटं पाय आपले वाटत नाहीत, त्याच्यासाठी मराठवाड्याच्या बाहेर जावंच लागतं, एक तर हैदराबाद नाहीतर खोपोली.

मी परभणीचा. पहिल्यांदा गेलो ते दिवाळीतल्या रविवारी, घरची चौदा माणसं एका ट्रॅव्हलरमधे भरून, रात्रभर प्रवास करून. पार्कात साडेअकराला शिरलो आणि संध्याकाळी बाहेर पडलो तेव्हा मोठ्या कोस्टरवर फक्त एकदा बसलो होतो, पावणेदोन तास रांग आणि दीड मिनिटाची राइड. आत्याला ऊन लागलं, दाजी दिवसभर बॅगा सांभाळत बसले, लेकरं रडून झोपली. पण त्या दीड मिनिटानं मला जे धरलं ते आजपर्यंत सोडलं नाही, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात दोन-तीन ट्रिपा ठरवून करतो. त्यातून जे शिकलो ते सगळं इथं सांगतो, म्हणजे तुमचा पहिला दिवस आमच्यासारखा जाणार नाही.

एक गोष्ट पक्की धरा. राइड दोन मिनिटांचीच असते, बाकी दिवस रांग, चालणं आणि ऊन. त्यामुळं सगळं प्लॅनिंग दोनच कामासाठी करायचं: रांग कमी करायची आणि अंग ताजं ठेवायचं. कुठला पार्क, किती खर्च, कुठली गाडी हे सगळं त्याच्यानंतर.

पायरी १: आधी कॅलेंडर काढा, पार्क नंतर

बरेच जण आधी पार्क ठरवतात आणि मग सुट्टी बघतात. उलटं करा.

मे महिना सोडूनच द्या. शाळेला सुट्ट्या, लग्नसराई, त्यात आपल्याकडचं आणि हैदराबादचं ऊन, रांगेतच निम्मा जीव जातो. जून ते सप्टेंबर खोपोलीचा विचार नको, तो घाटाखालचा पट्टा आहे, पाऊस कोसळतो आणि विजा कडाडायला लागल्या की मोठ्या उघड्या राइड्स थांबवाव्याच लागतात. हैदराबादला पावसाळ्यात सोमवार ते शुक्रवार रांगा छोट्या मिळू शकतात, पण आपल्याकडं तेव्हा पेरणी-कोळपणी असते, शेतीवाल्या घरातून निघणं होत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी आणि लगेच दसरा-दिवाळीची गर्दी.

मग राहतो तो तुळशीच्या लग्नापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, तोच आपला सीझन. सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, हरभरा पेरून झालेला असतो, थंडी असते आणि घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर परीक्षेच्या आत सगळं आटोपतं. त्यातही २४ डिसेंबर ते २ जानेवारी लाल पेनानं खोडून टाका. २६ जानेवारी शनिवार-रविवारला चिकटून आली तर तेपण खोडा. आणि हैदराबादला जाणाऱ्यांसाठी खास, तेलंगणात संक्रांतीला शाळांना चांगली मोठी सुट्टी असते, आपल्याकडं एका दिवसाचा तिळगूळ आणि तिकडं आठवडाभर पार्क भरलेला, त्यामुळं जायच्या आधी महाराष्ट्राची नाही, तेलंगणाची सुट्ट्यांची यादी बघायची. हे मी एकदा चुकलो होतो आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन उभा राहिलो होतो.

वार मंगळवार, बुधवार नाहीतर गुरुवार. सोमवारी लाँग वीकेंडवाले रेंगाळलेले असतात आणि शुक्रवारी नवे यायला लागतात. एक अडचण मात्र आहे, नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांच्या सहलींचापण काळ, आणि सहली सोमवार ते शुक्रवारच येतात. म्हणून बुकिंगच्या आधी पार्कला फोन लावून सरळ विचारा, "अमुक तारखेला शाळांचं बुकिंग किती आहे?" सांगतात ते, मला आजपर्यंत कुणी नाही म्हणलं नाही. दहा-बारा बस म्हणले तर एक दिवस पुढं सरका.

माझा साधा सीझन असा असतो: नवरात्रात जत्रेत सराव, नोव्हेंबरच्या शेवटी हैदराबाद, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खोपोली. दोन ट्रिपांमधे कमीत कमी तीन आठवडे ठेवतो. पहिल्या वर्षी याच्यापेक्षा जास्त भरू नका.

पायरी २: कुठं जायचं

हैदराबादला वंडरला. २०१६ला सुरू झालं, शहराच्या दक्षिणेला रावीर्यालजवळ, आउटर रिंग रोडला लागून. इथं मोठा कोस्टर म्हणजे रिकॉइल. हा बूमरँग प्रकारचा आहे, वेकोमा नावाच्या नेदरलँड्सच्या कंपनीचं हे डिझाइन १९८४पासून जगभर लागलेलं आहे. गाडी आधी उलटी मागं ओढत वर नेतात, तुमचं तोंड खाली स्टेशनकडं, तिथं एक क्षण थांबल्यासारखं होतं आणि मग सोडून देतात. ३५ मीटर उंचीवरून ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास वेगानं गाडी स्टेशनमधून पार होते, तीनदा उलटी होते, समोरच्या चढावर जाते, आता तोंड आभाळाकडं, आणि तिथून तेच सगळं परत मागच्या मागं. म्हणजे एका तिकिटात सहा वेळा उलटं. मागं जाताना पुढचं काहीच दिसत नाही, तो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

वंडरलाची दुसरी चांगली गोष्ट म्हणजे एकाच तिकिटात कोरड्या राइड्सपण आणि पाण्याच्या राइड्सपण. घरच्यांना घेऊन जाणार असाल तर याचा लई फायदा, ते पाण्यात रमतात आणि तुम्ही कोस्टरवर.

खोपोलीला इमॅजिका, २०१३ला सुरू झालेलं, खोपोली-पाली रोडवर सांगडेवाडीला. इथं नायट्रो आहे. बी अँड एम म्हणजे बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीनं बनवलेला फ्लोअरलेस कोस्टर, १३२ फूट उंच, पाचदा उलटा करणारा, वेग ताशी शंभरच्या पुढं. फ्लोअरलेस म्हणजे काय तर तुम्ही बसल्यावर पायाखालची फरशी बाजूला सरकते आणि पाय लोंबकळत राहतात, खाली थेट रूळ दिसतो. एका ओळीत चार सीटा, त्यात कडेच्या दोन मागून घ्या. त्याच पार्कात डीप स्पेस आहे, बंद इमारतीत अंधारात पळणारा, आणि गोल्ड रश एक्सप्रेस, खाणीतल्या गाडीसारखा, घरच्या सगळ्यांना झेपेल असा. म्हणजे छोटा, मधला, मोठा असे तीन कोस्टर एका आवारात मिळतात, नवशिक्यासाठी याच्याइतकी चांगली शाळा आपल्या टप्प्यात दुसरी नाही. फक्त लक्षात ठेवा, तिथं थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्कची तिकिटं वेगवेगळी असतात. कोस्टरसाठी जाताय तर थीम पार्कचंच काढा आणि पूर्ण दिवस तिथंच द्या.

मुंबईचं एस्सेलवर्ल्ड अजून लोकांच्या डोक्यात आहे, मागच्या पिढीतले काका-मामा हमखास तेच सुचवतात. ते १९८९ला सुरू झालं होतं आणि २०२२ला बंद झालं, त्यामुळं बोटीनं गोराईला जायचा प्लॅन करू नका. शिर्डीचं वॉटर पार्क संभाजीनगर-जालन्याच्या लोकांना जवळ पडतं, चांगली सहल होते, पण ते पाण्याचं आहे, त्याला कोस्टर ट्रिपमधे धरू नका.

मग पहिलं कुठलं? नांदेड, परभणी, हिंगोली, लातूरवाल्यांनी हैदराबाद, बीड, धाराशिव, संभाजीनगर, जालनावाल्यांनी खोपोली. पण कोस्टरची जास्तच भीती वाटत असेल तर जिल्हा कुठलापण असो, आधी खोपोली, कारण तिथं पायरीपायरीनं चढता येतं.

पायरी ३: गाडी चालते कशी, हे आधी समजून घ्या

ही पायरी लोक सोडतात. माझं म्हणणं आहे की निम्मी भीती इथंच जाते.

रिकॉइल, नायट्रोसारख्या कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळीनं किंवा केबलनं एकदा वर नेलं की पुढचं सगळं काम उंचीचं. विहिरीत दगड टाकल्यावर तो जसा वेग घेतो तसंच. ४० मीटरवरून सरळ खाली आलेली वस्तू तळाशी ताशी साधारण १०० किलोमीटर वेगात असते, हे शाळेतल्या सूत्रानंच निघतं, आणि नायट्रोचा आकडा त्याच्याशी जुळतो. त्यामुळं "गाडी जास्त वेगात सुटली तर?" हा प्रश्नच येत नाही, उंचीनं दिला तेवढाच वेग मिळणार. साखळीवर चढताना जो कटकटकट आवाज येतो ना, ज्यानं सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, तो दात्यांचा आवाज असतो, साखळी तुटली तरी गाडी मागं घसरू नये म्हणून ते दर थोड्या अंतरावर अडकत जातात. म्हणजे तो आवाज ऐकू आला की निवांत व्हायचं.

आणि गाडी रुळावरून पडत का नाही? कारण चाकं तीन बाजूंनी असतात, वर चालणारी, बाजूनं धरणारी आणि रुळाच्या खालून पकडणारी. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर नावाच्या माणसानं १९१९ला घेतलं, त्याच्यानंतरच कोस्टर खरे उंच आणि उग्र झाले. लूप, म्हणजे गाडीला पूर्ण उलटं फिरवून आणणारा रुळाचा वेढा, नीट बघितला तर तो गोल नसतो, थेंबासारखा असतो, वर अरुंद आणि खाली रुंद. पूर्वी गोल लूप करून बघितले होते, माणसांच्या माना अवघडायच्या. वर्नर स्टेंगल या जर्मन इंजिनिअरनं गणित मांडून थेंबाचा आकार दिला आणि १९७६ला कॅलिफोर्नियात तसा लूप उभा राहिला, आजपण तेच तत्त्व आहे.

माझ्या भाच्याला मी हे सगळं वहीत चित्र काढून सांगितलं होतं. चढावर तो मला म्हणाला, "मामा, दात्याचा आवाज यायलाय, म्हणजे ठीक हाय न?" आणि पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून खाली आला.

पायरी ४: सोबत कोण, आणि कुणाची उंची किती

चार माणसं. फार तर सहा. चौदाचा अनुभव वर सांगितलाच आहे. चारमधे दोन बसणारे आणि दोन सांभाळणारे असले तरी चालतं, पण सांभाळणाऱ्याला आधी स्पष्ट सांगा की दिवसभर काय होणार आहे, त्याला वाटतं आपण बाग बघायला चाललोय आणि मग दुपारी रुसवे.

लेकरांची उंची घरीच मोजा, चप्पल-बूट काढून, दाराच्या चौकटीला उभं करून. पार्कात तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि मोठ्या कोस्टरला साधारण साडेचार फुटाच्या आसपासची अट असते, नेमका सेंटिमीटरचा आकडा त्या राइडच्या पानावर लिहिलेला असतो तो वहीत उतरवून घ्या. दोन बोटं कमी असेल तर गेटवर वाद घालायचा नाही. ती अट हार्नेस, म्हणजे सीटवर अंग धरून ठेवणारी पकड, अंगाला नीट बसण्यासाठी असते, लेकरू किती धीट आहे याच्याशी तिचा संबंध नाही. घरून निघतानाच सांगून टाका की तू यंदा यावर बसणार, त्यावर नाही.

गरोदर बाई, हृदयाचा त्रास, बीपी, फिट येणारे, मान-कंबरेचं दुखणं, नुकतं ऑपरेशन झालेलं कुणी असेल तर मोठा कोस्टर नाहीच. आपल्याकडं लोक लाजेनं सांगत नाहीत. आदल्या दिवशी एकेकाला बाजूला घेऊन विचारा.

पायरी ५: जायचं कसं

नांदेडहून हैदराबाद रोडनं सोपं आहे: देगलूर, मग संगारेड्डी, आणि तिथून पुढं शहरात शिरायचंच नाही. पाटणचेरूजवळ आउटर रिंग रोडला चढा आणि दक्षिणेकडून फिरत रावीर्यालच्या एक्झिटला उतरा. शहरातून जाल तर दीड-दोन तास ट्रॅफिकमधे जातात. लातूर-उदगीरवाल्यांना बीदर, झहीराबाद, संगारेड्डी असा रस्ता आहे. रेल्वेनं देवगिरी आहे, अजिंठा आहे, पण सिकंदराबाद ते वंडरला म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक, म्हणून रेल्वेनं जाणार असाल तर सकाळी उतरून थेट पार्कात जाऊ नका, एक दिवस आधी पोचा, चारमिनार बघा, बिर्याणी त्या रात्री खा, पण पोटभर नको.

खोपोलीला संभाजीनगर, बीडकडून अहिल्यानगर, पुणे आणि मग एक्सप्रेसवे. शिक्रापूर-वाघोलीचा पट्टा सकाळी आणि संध्याकाळी जाम असतो, तो दुपारी नाहीतर रात्री उशिरा ओलांडा. जालना-संभाजीनगरहून समृद्धीनं आमण्यापर्यंत जाऊन पनवेलकडं वळायचा पर्याय २०२५पासून आहे, रस्ता मोकळा मिळतो पण शेवटी भिवंडी-ठाण्याची गर्दी लागतेच. समृद्धीवर एक सांगतो, सरळ रस्त्यानं डुलकी लागते, दर दीड तासाला थांबा, टायरची हवा निघायच्या आधी बघा. रेल्वेवाल्यांनी देवगिरी किंवा नंदीग्रामनं कल्याणला उतरावं, तिथून कर्जतमार्गे खोपोलीला लोकल जाते, पुढं रिक्षा. लातूरकरांनी रात्रीच्या गाडीनं पुणं गाठावं आणि तिथून लोणावळा-खोपोली.

मुक्काम आदल्या रात्री करा, नंतरच्या रात्री नाही केला तरी चालेल. ही माझी ठाम सूचना आहे. लोक खर्च वाचवायला रात्रभर ट्रॅव्हल्सनं येतात आणि सकाळी तोंड धुऊन थेट कोस्टरवर बसतात. अर्धवट झोप आणि रिकामं पोट, पहिल्याच लूपला मळमळ सुरू आणि सगळा दिवस बाकड्यावर. हॉटेल महागाचं नको, खोपोली-लोणावळ्याला साधी लॉज मिळते, फक्त सात तास झोप पाहिजे.

घरच्या मोठ्यांना खोपोलीसाठी तयार करायला एक चांगला मार्ग आहे, अष्टविनायकातले दोन गणपती तिथंच आहेत, महडचा वरदविनायक खोपोलीजवळ आणि पालीचा बल्लाळेश्वर इमॅजिकाच्याच रस्त्यानं पुढं. आदल्या दिवशी दर्शन, दुसऱ्या दिवशी पार्क. आमची आई याच कारणानं दोनदा आली आणि दुसऱ्यांदा गोल्ड रशवर बसलीपण.

पायरी ६: पैसे

तिकीट ऑनलाइन काढा, आठ-दहा दिवस आधी, सोमवार ते शुक्रवारमधल्या दिवसाचं. बऱ्याच ठिकाणी कामाच्या दिवसाचा आणि वीकेंडचा भाव वेगळा असतो. कॉलेजवाल्यांनी आयडी जवळ ठेवा, सवलतीची ऑफर चालू आहे का बघा. टॅक्स धरून भाव आहे का ते शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून आतल्या जेवणाचे पैसे आधीच बाजूला काढा, लॉकरचे काढा. रांग टाळायचं फास्ट तिकीट मिळतं पण ते चांगलंच महाग पडतं, मंगळवारी गेलात तर त्याची गरज नाही. तेच पैसे आदल्या रात्रीच्या लॉजला घाला. राज्यातल्या राज्यात एसटीनं जात असाल तर बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे, चार जणींचा ग्रुप असेल तर पुण्यापर्यंतचा खर्च बराच कमी होतो.

पायरी ७: कपडे आणि पोट

बूट किंवा मागं पट्टा असलेली सँडल. ओढणी घरी ठेवा, साडी नको, मोकळे केस नको, हे मी हात जोडून सांगतो, फिरत्या राइडमधे ओढणी आणि केस अडकून वाईट अपघात झालेले आहेत आणि जत्रेतल्या पाळण्यांवर तर याची जास्त काळजी घ्या. चष्म्याला मागून इलॅस्टिकची पट्टी लावा नाहीतर काढून ठेवा. मोबाईल खिशात घेऊन बसू नका. पाण्याच्या राइड्सना नायलॉनचेच कपडे लागतात, ते घरून न्या.

सकाळी पोहे, इडली, दोन पोळ्या असं हलकं खा, बसायच्या आधी तास-दीड तास. रिकाम्या पोटी बसणं तेवढंच वाईट. पाणी घोट-घोट दिवसभर. खिशात आल्याची वडी ठेवा, मळमळीला मला तिचा उपयोग होतो.

पायरी ८: आत गेल्यावर

गेट उघडायच्या अर्धा तास आधी तिथं उभे राहा. उघडल्यावर सगळे जण समोरच्या कारंज्यापाशी फोटो काढतात, तुम्ही थेट सगळ्यात मोठ्या कोस्टरकडं चाला. पहिला तास म्हणजे दिवसाचं सोनं, तेव्हा दोन-तीनदा बसता येतं. अगदीच नवखे असाल तर आधी छोट्या कोस्टरवर एकदा बसा, वीस मिनिटांत तिथून निघा, पण मोठ्याकडं जायला दुपार करू नका. दुपारी बाराच्या पुढं पाण्याच्या राइड्स सुरू झाल्या की लोक तिकडं वळतात, तेव्हा कोस्टर परत मोकळा होतो. शेवटचा तासपण तसाच, लोक कपडे बदलायला गेलेले असतात. मधल्या गर्दीच्या वेळात जेवा, शो बघा, सावलीत बसा.

रांगेचा अंदाज डोळ्यानं घेऊ नका, माणसं मोजा. बूमरँगच्या गाडीत २८ जण बसतात आणि एका वेळी एकच गाडी रुळावर असते. चढणं-उतरणं धरून एका फेरीला चार-पाच मिनिटं. समोर १४० माणसं असतील तर पाच फेऱ्या, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं, उभे राहा. ३०० असतील तर तासभर, नंतर या.

बसल्यावर हार्नेस खाली ओढून स्वतः एकदा हलवून बघा, मग माणूस येऊन तपासतोच. डोकं मागं टेकवून ठेवा, विशेषतः बूमरँगवर, नाहीतर कान हार्नेसला आपटतात. डोळे उघडे. डोळे मिटले की कान सांगतात आपण फिरतोय आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, त्या गोंधळातून मळमळ वाढते. लूपच्या आधी श्वास घ्या, पोट आणि मांड्या आवळा, ओरडायचं असेल तर मोकळं ओरडा, ओरडण्यात श्वास चालू राहतो.

एकाच कोस्टरवर पुढं आणि मागं दोन्हीकडं बसल्याशिवाय तो बघितला असं समजू नका. पुढं बसलं की सगळं दिसतं, वारा तोंडावर येतो. मागं बसलं की उतारावर पुढचे डबे तुम्हाला ओढून नेतात आणि सीटवरून उचलल्यासारखं होतं, मला मागचीच ओळ जास्त आवडते. पहिली राइड मात्र मधे घ्या. आणि दोन राइडच्या मधे पंधरा-वीस मिनिटं ठेवा. सलग चारदा बसायची हौस पहिल्या दिवशी नको.

पाऊस आला, कोस्टर थांबला, तर स्टाफवर चिडू नका. रोज सकाळी तपासणी करून, रिकामी गाडी फिरवून मगच माणसं बसवतात आणि शंका आली की थांबवतात, थांबवणारा पार्कच चांगला. किती वेळ लागेल ते नम्रपणे विचारा आणि त्या वेळात दुसरी बंदिस्त राइड करा. जत्रेतल्या पाळण्याला मात्र तुमचेच डोळे लागतात, तो दर गावात सोडून परत जोडलेला असतो. पट्टा तुटका, बोल्टच्या जागी तार, चालवणारा मोबाईलमधे, यातलं एक जरी दिसलं तरी बसू नका.

पायरी ९: वही

रात्री परतताना वहीत लिहा: कोस्टरचं नाव, तारीख, वार, कुठली ओळ, किती वेळ रांग, हवा कशी होती, पोटात काय होतं. कोस्टरवाले लोक बसलेल्या वेगवेगळ्या कोस्टरची मोजणी ठेवतात, त्याला क्रेडिट म्हणतात. रोलर कोस्टर डेटाबेस नावाची साइट आहे, जगातल्या कोस्टरची माहिती तिथं मिळते, आपल्या देशातले कुठं-कुठं आहेत ते बघून पुढच्या वर्षाचं ठरवता येतं. मला क्रेडिटच्या आकड्यापेक्षा रांगेच्या नोंदी जास्त कामाला आल्या, दोन सीझनच्या नोंदी झाल्या की कुठल्या वारी, कुठल्या वेळी जायचं हे तुम्हाला कुणाला विचारावं लागत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या सीझनला बंगळुरू धरा. नांदेडहून परभणी, उदगीर, बीदर करत थेट रेल्वे जाते, आणि तिथलं वंडरला म्हैसूर रोडवर बिडदीजवळ, २००५पासूनचं. कोलकात्याच्या निक्को पार्कात लाकडी कोस्टर आहे, तो माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर कधीचा लिहून ठेवलाय.

यंदा नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारचं हैदराबाद ठरलंय, चौघं जण, मुक्काम मंगळवारचा. धाकट्या भाचीची पेन्सिलची खूण चौकटीवर अजून दोन बोटं खाली आहे, तिला तसं सांगितलंय, ती या वर्षी पाण्यात आणि छोट्या कोस्टरवर, आणि दिवाळीत परत एकदा मोजायचं ठरलंय.